हेल्मेटच्या वादात हेत्वाभास कसा पकडायचा

पुण्यात हेल्मेटसक्तीचा विषय निघाला की तासाभरात तर्काच्या बहुतेक चुका ऐकायला मिळतात, आणि त्या दोन्ही बाजूंनी होतात. म्हणून सरावाला हा वाद उत्तम. हत्यारं न्यायशास्त्रातली, म्हणजे प्राचीन भारतीय तर्कशास्त्रातली, घेऊ. इंटरनेटवर फिरणाऱ्या तर्कदोषांच्या लांबलचक याद्या पाठ होत नाहीत. न्यायशास्त्रातले हेत्वाभास, म्हणजे खऱ्या कारणासारखी दिसणारी पण सदोष कारणं, पाचच आहेत आणि रोजच्या भांडणाला पुरतात.

आधी तीन ओळी लिहा

समजा कोणी म्हणालं, "आमचे काका चाळीस वर्षं बिनहेल्मेटचे स्कूटरवर फिरले, काही झालं नाही. हेल्मेट वगैरे सगळं थोतांड आहे." कागदावर किंवा मनात हे असं मांडा:

प्रतिज्ञा (जे सिद्ध करायचं ते): हेल्मेटची गरज नाही.
हेतू (त्यासाठी दिलेलं कारण): काकांना चाळीस वर्षांत काही झालं नाही.
व्याप्ती (कारण आणि निष्कर्ष जोडणारा सर्वसाधारण नियम): ज्या गोष्टीने एकाला अपाय झाला नाही, तिचा कोणालाच धोका नाही.

तिसरी ओळ समोरचा कधीच बोलत नाही, ती आपल्याला लिहावी लागते. बहुतेक वेळा दोष तिथेच दडलेला असतो. पण लिहिताना लबाडी नको. "म्हणजे जे जे असं, ते ते तसं, असंच ना?" हे विचारल्यावर समोरच्याने "हो, हेच म्हणतोय" म्हटलं पाहिजे. तो "छे, असं कुठे म्हटलं मी?" म्हणाला तर ओळ पुन्हा लिहा. ही पायरी गाळली की आपण समोरच्याचं म्हणणं सोडून स्वतःच उभ्या केलेल्या बाहुल्याला झोडपत बसतो.

मग पाच चाचण्या लावा

व्याप्तीला एक जरी अपवाद सापडला तरी हेतू सव्यभिचार ठरतो. काकांच्या उदाहरणात अपवाद शोधायला लांब जायला नको: तसेच बिनहेल्मेटचे फिरले आणि अपघातात गेले, ते लोक या गप्पांत बोलायला उरलेले नाहीत. हाच नियम दुसऱ्या बाजूलाही लावायचा. "माझा मित्र हेल्मेटमुळेच वाचला" हेही एकच उदाहरण आहे. "सक्ती आली आणि त्याच वर्षी अपघात कमी झाले" हे कावळा बसायला आणि फांदी तुटायला असंही असू शकतं. त्या वर्षी रस्त्यांवर आणखी काय बदललं ते आधी विचारा.

विरुद्ध हेतू ओळखायला मजा येते, कारण तो बोलणाऱ्यालाच उलटा पडतो. "शहरात एवढी गर्दी, रिक्षा अंगावर येतात, बस कट मारते, इथे कसलं हेल्मेट?" यातलं प्रत्येक कारण हेल्मेट घालण्याच्या बाजूचं आहे.

असिद्ध म्हणजे हेतूच अजून सिद्ध व्हायचा आहे. "हेल्मेटने मणका कायमचा बिघडतो, म्हणून घालू नये." इथे 'म्हणून'नंतरच्या भागावर वाद घालणं फुकट, "बिघडतो हे कशावरून?" एवढंच विचारून थांबा. उत्तर येईपर्यंत पुढे सरकू नका.

सत्प्रतिपक्षात दोन्हीकडे बरोबरीची कारणं असतात. एक म्हणतो, हेल्मेटमुळे मागचा हॉर्न नीट ऐकू येत नाही, म्हणून धोका वाढतो. दुसरा म्हणतो, डोकं वाचतं, म्हणून धोका कमी होतो. नुसत्या बोलण्याने हा तिढा सुटत नाही, मोजमाप लागतं. आणि अधिक भक्कम प्रमाणाने प्रतिज्ञाच खोडली गेली की तो बाधित. अनेक अभ्यास एकत्र तपासणाऱ्या, कोक्रेन या वैद्यकीय संशोधन संस्थेच्या २००८ च्या आढाव्यात हेल्मेटमुळे मोटारसायकलस्वाराच्या मृत्यूचा धोका सुमारे ४२ टक्के आणि डोक्याला इजा होण्याचा धोका सुमारे ६९ टक्के कमी होतो असं आढळलं. त्यामुळे "हेल्मेटचा काही उपयोग नाही" ही प्रतिज्ञा आता उभी राहत नाही.

आकडे आले की भागाकार करा

"डोक्याला मार बसलेल्यांपैकी निम्म्यांनी हेल्मेट घातलंच होतं. मग फायदा काय?" हे वाक्य भल्याभल्यांना गप्प करतं. उत्तरासाठी सोपे आकडे धरा. १००० दुचाकीस्वारांपैकी ९०० हेल्मेट घालतात, १०० घालत नाहीत. डोक्याला मार बसला १० जणांना, त्यांत ५ हेल्मेटवाले आणि ५ बिनहेल्मेटचे. आता ५ ला ९०० पैकी मोजा: १८० त एक. दुसरे ५ हे १०० पैकी: २० त एक. म्हणजे धोका नऊपट. 'निम्मे' खोटं नव्हतं, फक्त छेद लपवला होता. कोणतीही टक्केवारी आली की पहिला प्रश्न एकच: कशाच्या टक्के?

प्रतिज्ञा कधी बदलली ते बघा

हेल्मेटच्या वादात सगळ्यात मोठा घोळ इथे होतो. "हेल्मेट उपयोगी आहे" आणि "हेल्मेटची सक्ती असावी" या दोन वेगळ्या प्रतिज्ञा आहेत. पहिली मान्य करूनही कोणी दुसरीला प्रामाणिकपणे विरोध करू शकतो. पण सक्तीवाला पहिलीचे पुरावे देतो आणि दुसरी सिद्ध झाली म्हणतो. विरोधक दुसरीवर चिडतो आणि पहिली नाकारत सुटतो. अर्ध्यात प्रतिज्ञा बदलणं म्हणजे प्रतिज्ञांतर, आणि विषयाशी संबंध नसलेलं काही आणणं म्हणजे अर्थांतर. न्यायसूत्रांत, म्हणजे न्यायशास्त्राच्या मूळ ग्रंथात, दोन्ही निग्रहस्थानं, म्हणजे वाद हरल्याच्या जागा.

"आधी खड्डे बुजवा" हे बहुधा अर्थांतर असतं. खड्डे बुजवायलाच हवेत, पण ते बुजेपर्यंत डोकं जास्त सुरक्षित राहत नाही. "पोलीस तरी कुठे घालतात?" याचा निकाल मात्र एका फटक्यात लावू नका. विषय डोक्याच्या सुरक्षिततेचा असेल तर हे गैरलागू आहे. विषय दंडवसुली सगळ्यांना सारखी आहे का हा असेल, तर तोच मुख्य पुरावा आहे. तसंच कलमांचं. मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम १२९ दाखवून सक्ती आहे हे सिद्ध होतं. ती असावी का, हा प्रश्न तसाच राहतो.

तज्ज्ञाचं नाव घेतलं की लगेच दोष, असंही समजू नका. आप्तवाक्य, म्हणजे विश्वासू जाणकाराचं (आप्ताचं) म्हणणं, हे न्यायदर्शनात प्रमाणच, म्हणजे ज्ञानाचं मान्य साधन, आहे. अट अशी की आप्ताला तो विषय माहीत असावा आणि त्याने जे आहे तेच सांगावं. डोक्याच्या दुखापतीबद्दल मेंदूचा शल्यविशारद चालेल, क्रिकेटपटू नाही.

बोलताना

दोषाचं नाव तोंडावर फेकू नका. "हा सव्यभिचार आहे" म्हटलं की समोरचा चिडतो आणि मुद्दा बाजूला राहतो. प्रश्न विचारा, एका वेळी एकच. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर असाल तर नेमकं ते वाक्य उचलून त्यालाच उत्तर द्या. चार मुद्द्यांचा निबंध पाठवलात की त्यातला सगळ्यात कच्चा मुद्दा पकडला जातो. आणि एक हेतू पडला म्हणून प्रतिज्ञा खोटी ठरत नाही. काकांचं उदाहरण कुचकामी निघालं, तरी सक्तीविरुद्धचं दुसरं एखादं कारण टिकू शकतं. ते ऐकून घ्यायची तयारी नसेल तर वाद कशाला घालायचा?

शेवटची तपासणी वितंडेची. वितंडा करणारा स्वतःची प्रतिज्ञा मांडतच नाही, फक्त समोरच्याचं खोडतो. त्याला सरळ विचारा, "बरं, तुमचं म्हणणं काय? घालावं की घालू नये? सक्ती हवी की नको?" दोनदा विचारूनही उत्तराऐवजी नवा फाटाच फुटला, तर तिथेच थांबा आणि चहा सांगा.