हृदयाच्या स्पेक्ट-सीटीत अटेन्युएशन करेक्शन नीट कसं साधावं

स्पेक्टमध्ये पेशंटला टेक्नेशियम हे किरणोत्सारी द्रव्य टोचतात आणि हृदयातून येणाऱ्या त्याच्या किरणांवरून प्रतिमा बनते. पण टेक्नेशियमचे १४० केईव्ही (ऊर्जेचं एकक) ऊर्जेचे फोटॉन, म्हणजे किरणांचे कण, शरीरातून बाहेर येताना वाटेत काही प्रमाणात शोषले जातात. म्हणून पुरुषांत बहुधा श्वासपटलामुळे हृदयाची खालची भिंत फिकी दिसते, स्त्रियांत स्तनांमुळे पुढची. शरीराचा कुठला भाग किती किरण अडवतो, याच्या सीटीवरून केलेल्या नकाशाने ही तूट भरून निघते. हेच अटेन्युएशन करेक्शन. पण नकाशा हृदयावर अचूक बसला तरच.

सीटीच्या वेळी मी पेशंटला ‘श्वास भरून धरा’ असं कधीच सांगत नाही. खोल श्वासाने हृदय खाली सरकतं, आणि स्पेक्ट तर चालू श्वासातच घेतलेला असतो. उथळ, संथ श्वास घेत राहायला सांगा. हातही हलू देऊ नका.

मग तिन्ही छेदांत फ्यूजन, म्हणजे सीटीवर ठेवलेली स्पेक्टची रंगीत प्रतिमा, तपासा. माझी नजर आधी बाजूच्या भिंतीवर जाते: तिचा रंग फुप्फुसाच्या काळ्या भागावर सांडलेला दिसला, की तिथे करेक्शन कमी पडणार आणि नसलेला दोष उमटणार. सीटी हाताने सरकवून जुळवा, पुन्हा रिकन्स्ट्रक्ट करा, म्हणजे प्रतिमा नव्याने तयार करा. इथली घाई मला अजिबात पटत नाही. त्यापायी एखाद्याची विनाकारण अँजिओग्राफी होऊ शकते.

आतड्यातली अ‍ॅक्टिव्हिटी (तिथे साचलेलं टेक्नेशियम) खालच्या भिंतीला चिकटली असेल, तर थोडं थांबून, पाणी पाजून स्कॅन पुन्हा घ्या. डॉक्टरांकडे करेक्शन केलेल्या आणि न केलेल्या, दोन्ही प्रतिमा पाठवा.