अर्ध्या पिंपातला विलो

विपिंग विलोच्या फांद्या आपसूक लोंबतात, पण लोंबायला उंची आपणच द्यावी लागते. खोड वर जाण्याआधी बगलफूट, म्हणजे पानांच्या बगलेतून बाजूला येणारी फूट, मोकळी सोडली, तर झाडाऐवजी जमिनीवर लोळणारे झुडूप हाती येते. म्हणून पहिली दीड-दोन वर्षे सगळे लक्ष एकाच सरळ खोडाकडे.

रोप घेताना पान चुरगाळून पाहा. लोंबत्या फांद्यांचा बॉटलब्रश लांबून विलोसारखाच दिसतो. त्याच्या पानाला उग्र वास येतो. विलोचे पान पातळ, निमुळते, बारीक दातेरी कडेचे आणि खालून फिकट असते. इंटरनेटवर दिसणारा, माणसाच्या उंचीचा छत्रीसारखा किलमार्नॉक विलो उंच खोडाच्या टोकावर कलम केलेला असतो. तो थंड मुलखातला. सांगलीच्या मे महिन्यात त्याच्यावर पैसे घालू नयेत. आपल्यासाठी सॅलिक्स बॅबिलोनिका या जातीचा विलो बरा. वनस्पतींना शास्त्रीय नावे देणाऱ्या लिनियसने १७५३ मध्ये नावात बॅबिलोन घातले, पण झाड मूळचे चीनचे. आपल्या नदी-ओढ्यांच्या काठचा वाळुंज त्याचा भाऊबंद, फक्त त्याच्या फांद्या अशा लोंबत नाहीत.

ओळखीच्या कुणाकडे झाड असेल तर रोप विकत घ्यायचीही गरज नाही. संक्रांत झाली की, डोळे फुगू लागताना, पेन्सिलीएवढ्या जाडीची ९ इंचांची काडी काढा. खालचा काप तिरका आणि वरचा सरळ ठेवला, की काडी उलटी लागत नाही. १० इंची कुंडीत काडीचा दोन-तृतीयांश भाग मातीत जाऊ द्या, दोन डोळे बाहेर. रूटिंग पावडर लागत नाही, विलो मुळे धरण्यात पटाईत आहे. ग्लासातल्या पाण्यातही मुळे फुटतात, पण ती नाजूक असतात आणि मातीत हलवताना मोडतात. माती कायम ओलसर ठेवली तर दोन-तीन आठवड्यांत फूट दिसते.

आलेल्या फुटींपैकी सर्वांत जोमदार एक ठेवा, बाकीच्या खुडा. शेजारी ७ फुटी बांबू रोवून शेंडा दर वीतभर अंतरावर सुतळीने इंग्रजी आठच्या आकड्यासारखा सैल बांधत वर न्या. शेंडा स्वतःहून वाकू पाहतो. बांधायला आठवडाभर उशीर झाला तरी खोडाला कायमचा बाक येतो. बगलफूट लगेच मुळापासून काढू नका. तिची दोन-तीन पाने ठेवून तिचाच शेंडा खुडा, त्या पानांवर खोड जाड होते. सुतळी महिन्याने सैल करा, नाहीतर सालीत रुतते. खोड साडेपाच फुटांवर गेले की टोक छाटा. वरच्या एक फुटातल्या पाच-सहा बगलफुटी राखा आणि खालच्या सगळ्या सपाट कापा. हीच छत्री.

आता झाड २०० लिटरच्या प्लास्टिक पिंपाच्या अर्ध्या भागात हलवा. तळाला बोटभर रुंदीची ८ भोके, त्यावर विटांचे तुकडे. माती अशी: दोन पाट्या पोयटा, एक पाटी कुजलेले शेणखत, एक पाटी जाड वाळू आणि २०० ग्रॅम निंबोळी पेंड. साताऱ्याकडचा मुरूम मिसळायचा तर वाळूऐवजी मिसळा. वर उसाच्या पाचटाचा चार बोटे थर द्या, पण खोडाला चिकटू देऊ नका. पिंप सकाळचे ऊन आणि दुपारनंतर सावली मिळेल अशा जागी हवे.

पाण्यात मात्र कंजुषी चालत नाही. एप्रिल-मेमध्ये सकाळ-संध्याकाळ ८-१० लिटर लागते. एक दिवस चुकला तर पानांच्या कडा करपतात, दोन चुकले तर पानगळ. खाली थाळी ठेवून पाणी साठवले तर झाडाला मानवते, पण दर चार दिवसांनी ती ओतून घासा. नाहीतर डासांचीच सोय होते.

छाटणी जानेवारीत. मैदानी भागात पूर्ण पानझड होईलच असे नाही, तिची वाट पाहू नका. प्रत्येक लोंबती फांदी दोन-तीन डोळ्यांवर आणा, आणि शेवटचा डोळा वर किंवा बाहेर तोंड केलेला असू द्या. खालच्या बाजूचा डोळा ठेवला तर नवी फांदी खोडाला चिकटूनच उतरते आणि छत्री कधी रुंदावत नाही. दर दोन वर्षांनी याच वेळी झाड उपसून एक-तृतीयांश मुळे कापा, माती बदला. पिंपात गोल फिरलेली मुळे पाणी कितीही दिले तरी ते घेत नाहीत.

पान पिवळे आणि शिरा हिरव्या दिसल्या तर खत वाढवू नका. चुनखडीच्या काळ्या मातीत किंवा बोअरच्या क्षारयुक्त पाण्याने लोह अडकते. द्राक्षबागायतदार वापरतात ते चिलेटेड लोह पाकिटावरच्या प्रमाणात द्या, आणि शक्य असेल तेव्हा साठवलेले पावसाचे पाणी वापरा. कोवळ्या शेंड्यांवर मावा दिसला की पाण्याचा जोराचा फवारा, मग निंबोळी अर्क. खोडाच्या भोकातून भुसा गळत असेल तर आत अळी आहे. तार घालून ती मारा आणि भोक लिंपून टाका. पावसाळ्यात पानाखाली नारिंगी पूड दिसली तर तो तांबेरा. ती पाने तोडून जाळा.

आणि पिंपाचा कंटाळा आला म्हणून झाड अंगणात उतरवू नका. जमिनीत ते ३०-४० फूट वाढते आणि मुळे ओलाव्याच्या मागे सांडपाण्याच्या पाइपात, सेप्टिक टाकीत शिरतात. घरापासून निदान ३५ फूट लांब, ओढ्याकाठची जागा असेल तरच.