गाण्यांच्या कॅसेटमध्ये सापडलेला स्पेक्ट्रमचा गेम कसा वाचवायचा

कॅसेट हाती आली की लगेच वाजवून पाहू नका. आधी तिच्या मागच्या कडेचे प्लास्टिकचे दोन छोटे तुकडे शाबूत आहेत का बघा, आणि असतील तर मोडून टाका. मग चुकून रेकॉर्डचं बटण दाबलं गेलं तरी काही पुसलं जाणार नाही.

मी नागपूरच्या महालात टेपरेकॉर्डर दुरुस्त करते, जुन्या कॅसेटी कम्प्युटरवर उतरवून देते. गिऱ्हाईक सांगतं, "ताई, गाणी संपल्यावर याच्यात नुसतं किर्रर्र होऊन राहिलं, खराब झाली वाटते." खराब झालेली नसते. आधी काही सेकंद एकसुरी शिट्टी, मग एक छोटा तुटक आवाज, पुन्हा शिट्टी आणि मग बराच वेळ खरखर, असा क्रम असेल तर तो झेडएक्स स्पेक्ट्रमचा प्रोग्राम आहे. हा ब्रिटिश होम कम्प्युटर १९८२चा, प्रोग्राम आवाजाच्या रूपात साध्या कॅसेटवर ठेवायचा. पुण्याच्या डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्सनं १९८६मध्ये परवाना घेऊन तो 'डीबी स्पेक्ट्रम प्लस' नावानं आपल्याकडे आणला. ज्या घरी तो आला तिथल्या कॉलेजच्या पोरांनी स्वतः गेम लिहिले आणि हाताला लागेल त्या कॅसेटवर उतरवले. अशा गेमची दुसरी प्रत बहुतेक जगात कुठेही नसते. माझ्याकडे आलेला एक भजनांच्या कॅसेटच्या बी बाजूला होता. उमरेडसारखी कोळशाची खाण, शिड्या, ट्रॉल्या, आणि बॅटरीवाला खाणकामगार वटवाघळांवर गोळ्या झाडत वर चढून राहिला. खाली सगळं तोच गेम डोळ्यांपुढे ठेवून सांगते.

हे काम शक्यतो हिवाळ्यात करा. नागपूरच्या उन्हाळ्यात कूलरशिवाय बसवत नाही आणि कूलरच्या खोलीत दमट हवाही असते, मोटरची घरघरही. पावसाळ्यात टेपवर बुरशी धरते. कॅसेटच्या खिडकीतून पांढरी भुकटी दिसली तर ती कॅसेट चालवू नका, भुकटी हेडला, म्हणजे टेप वाचणाऱ्या भागाला, लागते आणि पुढच्या कॅसेटलाही. जाणत्या माणसाकडून साफ करून घ्या. एरवी कॅसेट माळ्यावरून काढून दिवसभर खोलीत पडू द्या, मग एकदा पूर्ण पुढे आणि एकदा पूर्ण मागे गुंडाळा. टेपच्या मागे फेल्टची बारीक गादी असते, ती निघालेली असेल तर टेप हेडला नीट चिकटत नाही. स्क्रूची कॅसेट असेल तर बिनकामाच्या कॅसेटमधली गादी बसवता येते.

डेक चांगला हवा. गेम ज्या साध्या टेपरेकॉर्डरवर भरला त्याच्यापेक्षा दुरुस्त केलेला स्टिरिओ डेक कितीतरी जास्त वाचतो. हेड आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसा, डेकचं डॉल्बी, म्हणजे खरखर कमी करणारं बटण, बंद ठेवा. आता सगळ्यात महत्त्वाचं: हेडच्या बाजूला स्प्रिंगवाला छोटा स्क्रू असतो, त्यानं हेडचा कोन बदलतो. मूळ रेकॉर्डरचा कोन आणि तुमच्या डेकचा कोन सहसा जुळत नाही, आणि तेवढ्यानं वरचे सूर मरतात. शिट्टी चालू असताना नव्हे, खरखर चालू असताना स्क्रू अगदी हळू फिरवा आणि आवाज जिथे सगळ्यात कडक, टोकदार लागेल तिथे थांबा. यासाठी कान पुरेसा आहे. काम झालं की स्क्रू परत जागेवर आणायला त्याची सुरुवातीची स्थिती आधीच खूण करून ठेवा.

लॅपटॉपच्या माइकच्या भोकात डेकची वायर खुपसू नका, आवाज फाटतो. लाइन-इन असलेलं यूएसबी साउंड कार्ड घ्या, बर्डीवर मिळतं. चार्जर काढून ठेवला तर गुणगुणही जाते. ऑडॅसिटी या रेकॉर्डिंगच्या प्रोग्राममध्ये ४४१०० हर्ट्झ, १६ बिट, स्टिरिओ ठेवा आणि वेव्ह फाइल बनवा. एमपी३ नको. नॉइज रिडक्शनला हातसुद्धा लावू नका, इथे खरखर हाच माल आहे. मूळ रेकॉर्डिंग मोनो असलं तरी डावा आणि उजवा आवाज एकत्र करू नका. कोन थोडा जरी चुकला असेल तरी दोन्ही एकमेकांना खातात. जो स्वच्छ तो एकच ठेवा. आणि ही पहिली फाइल तशीच राहू द्या, पुढची सगळी खटपट तिच्या प्रतीवर करा.

आता या आवाजातून बाइट काढायच्या. शिट्टी सुमारे ८०० हर्ट्झची असते, त्यानंतर '१'ची लाट साधारण १००० हर्ट्झची आणि '०'ची २००० हर्ट्झची. फ्यूज हा एम्युलेटर, म्हणजे आजच्या कम्प्युटरला स्पेक्ट्रमसारखं वागवणारा प्रोग्राम. त्याच्यासोबतच्या साधनांमध्ये ऑडिओ-टू-टेप आहे, ते वेव्हची एम्युलेटरला वाचता येणारी टॅप किंवा टीझेडएक्स फाइल करून देतं. घरी लिहिलेल्या गेमला टॅप पुरते. बाजारातल्या गेमचे लोडर वेगळ्या वेगाचे असतात, त्यांना टीझेडएक्स लागते.

प्रत्येक ब्लॉकची, म्हणजे शिट्टीनंतरच्या एकेका तुकड्याची, शेवटची बाइट ही आधीच्या सगळ्या बाइटांचा एक्सऑर, म्हणजे हातचा न धरता केलेली बिटांची बेरीज, असते. ती जुळली नाही तर निराश होऊ नका, फरक किती आला ते बघा. फरक ८ आला तर बहुतेक कुठल्यातरी एकाच बाइटमधली ८ किमतीची बिट उलटली आहे. ती बाइट कोणती हे मात्र कळत नाही, म्हणून स्क्रू किंचित हलवून पुन्हा रेकॉर्ड करा आणि दोन्ही फाइली बाइटला बाइट लावून बघा. दोघी जिथे वेगळ्या बोलतात तिथेच घोळ आहे. खाणीच्या गेमला हाच उपाय लागू पडला.

फाइल तयार झाली तरी थेट लोड करू नका. एम्युलेटरमध्ये लोडऐवजी मर्ज "" दिलं तर बेसिकचा, म्हणजे स्पेक्ट्रमच्या स्वतःच्या भाषेतला, प्रोग्राम आपोआप सुरू होत नाही आणि लिस्ट करून वाचता येतो. घरगुती गेमची सगळी माहिती तिथेच असते: क्लिअरनंतरचा आकडा, कोड कुठे भरला, रँडमाइझ यूएसआर या हुकमानं त्या कोडमध्ये कुठे उडी मारली. कधी लिहिणाऱ्याचं नाव आणि सालही रेम ओळीत, म्हणजे नुसत्या टिपणाच्या ओळीत, सापडतं. हेडरमधलं, म्हणजे पहिल्या छोट्या ब्लॉकमधलं, नाव दहा अक्षरांपलीकडे जात नाही, त्यामुळे त्यावरून ओळख पटवू नका. त्या काळी बाजारातले गेम नाव बदलून फिरत. पडद्याचा फोटो काढून प्रसिद्ध गेमांशी ताडून पाहा, म्हणजे उगाच राफाएल चेकोचा १९८७चा 'एक्सोलॉन' नवा शोध म्हणून मिरवला जाणार नाही.

मग खेळा. क्यू, ए, ओ, पी आणि स्पेस या बटणांनी हललं नाही तर बेसिकमध्ये 'इन' हा बटणं वाचणारा हुकूम आणि त्यापुढचा आकडा शोधा. ६४५१० म्हणजे क्यू ते टीची ओळ, ६५०२२ म्हणजे ए ते जीची, ५७३४२ म्हणजे पी ते वायची, ३२७६६ म्हणजे स्पेसची, आणि ३१ असेल तर केम्पस्टन जॉयस्टिक. माणूस शिडीवर चढताना वटवाघळाचा रंग घेतो, ही टेपची चूक समजू नका. आठ बाय आठच्या चौकटीत एक शाई आणि एक कागद एवढेच दोन रंग या मशीनला जमतात.

गेम शेवटपर्यंत पाहायचाच आहे, कारण शेवटच्या पडद्यावर लिहिणाऱ्यानं जीव ओतलेला असतो. हात साथ देत नसतील तर मेमरीत ५८, दोन बाइटांचा पत्ता, ६१, ५०, आणि पुन्हा तोच पत्ता अशी रांग शोधा. कुठलातरी आकडा एकनं कमी होतो तो इथे. अशा जागा बऱ्याच असतील, गोळ्यांचीही एक असेल. मरण्याआधी आणि मेल्यावर त्या पत्त्यातला आकडा बघितला की जीव कुठे मोजले जातात ते कळतं. तिथल्या ६१च्या जागी १८३ पोक करा, म्हणजे मेमरीत तो आकडा थेट भरा. शून्य घातलं तर पुढची 'संपले का' ही तपासणी फसू शकते, १८३नं ती नीट राहते. पोक केलेली प्रत वेगळ्या नावानं ठेवा, मूळ फाइलमध्ये मिसळू नका.

कॅसेट परत देताना मी घरच्यांकडे एक वस्तू मागते: त्या काळची चौकटीची वही. गेम लिहिणारे माणूस आणि वटवाघूळ आधी आठ बाय आठच्या चौकोनात रंगवत आणि प्रत्येक ओळीपुढे तिचा आकडा लिहीत. ४८ केच्या मशीनवर ही चित्रं बहुतेक ६५३६८पासून पुढच्या १६८ बाइटांत बसतात. टेपचा तेवढा भाग कायमचा गेला असेल तर वहीतले आकडे तिथे एकेक करून पोक करता येतात. तेव्हा कॅसेटीसोबत वह्यांची रद्दी निघाली तर कबाड्याला देण्याआधी पानं चाळा, आणि आकड्यांची पानं दिसली की फोटो काढून वेव्ह फाइलशेजारीच ठेवा.