सौरडाग मोजायचेत? आधी मोबाईल खाली ठेवा

सौरडाग म्हणजे सूर्यावरचे काळे ठिपके. ते दुर्बिणीतून मोजताना सूर्याचा फिल्टर दुर्बिणीच्या तोंडावर बसतो, आयपीसवर (डोळा लावायच्या भिंगावर) नाही, हे तुम्हाला माहीत असेलच. तरी जुन्या दुर्बिणीच्या डब्यात 'सन' लिहिलेली छोटी काळी काच सापडली, तर ती फोडून टाका. ती आयपीसला लावायची असते. तिथे सगळी उष्णता एकवटते आणि काच कधी तडकेल याचा नेम नाही. फाइंडरवरही (नेम धरायच्या छोट्या जोडदुर्बिणीवर) झाकण हवं. इथे चुकीला माफी नाही. बाकीच्या चुका चालतात, बहुतेक मी स्वतः करून बसलोय.

माझ्याकडे 80 मिलीमीटरची साधी दुर्बीण आहे. रोज फिल्टरची फिल्म ट्यूबलाइटसमोर धरून टाचणीएवढं भोक पडलंय का ते बघतो, कडेला चिकटपट्टी मारतो (गच्चीवरचा वारा कुणाचा नाही) आणि सकाळी साडेसातला बसतो. नवानंतर स्लॅब तापतो आणि सूर्याची कड उकळल्यासारखी हलायला लागते. पहिल्याच वर्षी हायड्रोजन-अल्फाची (सूर्याचा एकच लाल रंग दाखवणारी) दुर्बीण घ्यायला सांगणाऱ्या 'मार्गदर्शकां'पासून दूर राहा. त्यांच्याकडे खरेदीची यादी असते, मोजणीची वही नसते.

आता माझी फसगत. दिवसाचा आकडा काढायचं सूत्र असं: गटांची संख्या (जवळजवळच्या डागांचा एक गट) गुणिले 10, अधिक डाग. एका जानेवारीत मी मोजले 4 गट, 17 डाग, म्हणजे 57. मग सहज मोबाईलवर एसडीओ या सूर्यावर नजर ठेवणाऱ्या नासाच्या उपग्रहाचं त्या सकाळचं चित्र उघडलं. तिथे 6 गट होते! परत आयपीसला डोळा लावला, आणि काय सांगू, ते दोन्ही गट 'दिसले'. आकडा झाला 84. सत्तावीसचा फरक, त्यातले वीस नुसत्या दोन गटांचे. मी खूश. पुढचे तीन महिने आधी चित्र, मग दुर्बीण.

यात खोटेपणा वाटत नाही, हीच गोम आहे. डोळ्याला एकदा जागा कळली की तिथे ठिपका उमटतोच. पण सगळ्यांचे आकडे जुळवताना प्रत्येक निरीक्षकाचा आकडा 'के' या गुणकाने दुरुस्त करून घेतात. तुम्ही नेहमीच कमी मोजत असाल तर काहीच बिघडत नाही, गुणक ते सांभाळतो. बिघडतं ते कधी कमी, कधी चोरून जास्त मोजल्याने. मी नेट असेल त्या दिवशी उपग्रहाच्या डोळ्यांनी मोजत होतो आणि नसेल त्या दिवशी माझ्या. अशा वहीला कुठला गुणक लावणार? आमच्या निरीक्षक मंडळातल्या एका काकांनी पानं चाळली आणि एवढंच विचारलं, "बुधवारी नेट नव्हतं का?" तीन महिन्यांची पानं बाद. अजून आठवलं की कान गरम होतात.

तेव्हापासून आकडा पेनने लिहितो, पेन्सिलीने नाही. त्यानंतर मोबाईल.

बारके डाग निसटतात म्हणून खट्टू होऊ नका. हे सूत्र देणारा एकोणिसाव्या शतकातला खगोलशास्त्रज्ञ रुडॉल्फ वोल्फ झुरिकमध्ये 80 मिलीमीटरच्याच दुर्बिणीतून बघायचा आणि सगळ्यात बारीक डाग मुद्दाम सोडायचा. त्याच्यामागून आलेला वोल्फर सगळे मोजायचा, म्हणून त्याच्या आकड्यांना 0.6 ने गुणावं लागलं. दोघांची मोजणी उपयोगी पडली, कारण दोघेही आपापल्या सवयीला धरून राहिले. डाग नसेल त्या दिवशी शून्य लिहा, तेही निरीक्षणच. 2019 मध्ये निम्म्याहून जास्त दिवस सूर्य कोरा होता. पावसाळ्यातली कोरी पानं मात्र कोरीच ठेवा, अंदाजाने भरू नका.

कॅमेऱ्याचं फार सांगत नाही. दुर्बीण जराशी हलवा: सूर्याबरोबर सरकला तो डाग, जागचा हलला नाही ती सेन्सरवरची धूळ. आणि फोटोचं शार्पनिंग (कडा ठळक करणं) अर्ध्यावर थांबवा, नाहीतर डागाभोवतीच्या करड्या झालरीला पांढरी किनार येते, जी सूर्यावर नसते.

परवा मी 3 गट, 8 डाग लिहिले. नंतर चित्रात दिसलं, उजव्या कडेला एक गट राहिला होता. वहीत 38च आहे.