मूल एका देशात, आई किंवा बाबा दुसऱ्या देशात: अशा केसमध्ये मेडिएशन नीट कसं करायचं

सुट्टीला म्हणून भारतात आले, रिटर्न तिकीट होतं, आणि मग आई मुलाला घेऊन माहेरीच राहिली. तिकडे न्यू जर्सीत बाबाने कोर्टातून कस्टडीची ऑर्डर आणली, इकडे पुण्याच्या फॅमिली कोर्टात अर्ज पडला. कधी उलटंही होतं, बाबा मुलाला घेऊन येतो आणि आई तिकडे एकटी राहते. पहिल्या काही आठवड्यांत दोन्ही घरं एकमेकांवर इतक्या केसेस टाकतात की नंतर बोलायला जागाच उरत नाही. म्हणून मेडिएशनचा, म्हणजे मध्यस्थाच्या मदतीने बोलून तोडगा काढण्याचा, विचार शेवटचा उपाय म्हणून नाही, सगळ्यात आधी करा.

आधी कायदा कुठे उभा आहे ते बघा. १९८० चं हेग कन्व्हेन्शन (देशादेशांतला करार) म्हणतं की १६ वर्षांखालचं मूल बेकायदा नेलं तर ते जिथे राहत होतं तिथे पटकन परत पाठवायचं, कस्टडीचा निकाल तिथलं कोर्ट देईल, आणि परतीचा निर्णय साधारण ६ आठवड्यांत व्हावा. भारत यात नाही. लॉ कमिशनने २००९ ला सामील व्हा म्हणून सांगितलं, २०१६ ला बिलाचा मसुदाही आला, तरी नाही. त्यामुळे नवरा-बायको दोघं मराठी असले आणि मूल जर्मनीतून इंग्लंडला नेलं तर हेग लागू, पण तेच मूल नाशिकला आणलं तर हायकोर्टात हेबियस कॉर्पस (मुलाला कोर्टापुढे हजर करा अशी मागणी) नाहीतर गार्डियनशिपचा, म्हणजे पालकत्वाचा, अर्ज. १९८६ ला सुप्रीम कोर्टाने मिशिगनमधून पुण्यात आणलेला मुलगा परत आईकडे पाठवला होता, पण २०१७ ला त्याच कोर्टाने सांगितलं की परदेशी ऑर्डर हा फक्त एक मुद्दा, मुलाचं हित सगळ्यात वर. म्हणजे निकाल काय लागेल हे कोणताच वकील छातीठोकपणे सांगू शकत नाही, आणि माझ्या मते दोन्ही बाजूंनी टेबलावर बसायला हे एवढं एकच कारण पुरेसं आहे.

मेडिएटर एकटा नको, जोडी हवी. पोलंडमधल्या व्रोत्सवाफ शहरात २००७ ला यासाठी एक जाहीरनामा झाला, त्यात साधं सांगितलंय: एक बाई एक पुरुष, एक कायद्याचा एक मानसशास्त्र किंवा समाजकार्याचा, आणि दोघं मिळून दोन्ही देशांची भाषा आणि घरांची रीत कळणारे. बर्लिनची मिक ही संस्था असंच काम करते, इंग्लंडमध्ये रीयुनाइट आहे, दिल्लीत राष्ट्रीय बाल हक्क आयोगाने अशाच केसेससाठी मेडिएशन सेल काढला. आपल्याकडे याला फार महत्त्व आहे, कारण "आईबाबांना विचारून सांगते" यात आजी-आजोबांचा शब्द किती चालतो हे तिकडच्या मेडिएटरला कळतच नाही, आणि तिकडचं स्कूल डिस्ट्रिक्ट, डे-केअरचा खर्च, एच-४ व्हिसा (तिकडे नोकरी करणाऱ्याच्या जोडीदाराचा) हे इकडच्याला कळत नाही.

आता वकिलांचं काम. दोन देशांत दोन-दोन, म्हणजे चार वकील असतात, आणि ते एकमेकांशी बोलतच नाहीत, प्रत्येकजण आपल्या कोर्टात आपली लढाई लढतो. बसण्याआधी या चौघांचा एक व्हिडिओ कॉल झालाच पाहिजे. त्यात ठरवायचं की मेडिएशन चालू असेपर्यंत कुणी नवा अर्ज टाकणार नाही, मुलाला शहराबाहेर हलवणार नाही, टेबलावर बोललेलं कुठल्याच कोर्टात वापरणार नाही. पण कोर्टाची तारीख सोडायची नाही! जज्जला सांगून थोडी मुदत घ्या, नाहीतर एक बाजू नुसता वेळ काढते, तेवढ्यात मूल इकडच्या शाळेत रुळतं आणि हाच मुद्दा नंतर कोर्टात येतो.

क्रिमिनल केसेस आधीच उलगडून ठेवा. इकडे ४९८ए (सासरच्या छळाचं कलम), म्हणजे आताचं बीएनएस, अर्थात भारतीय न्याय संहिता, कलम ८५, नुसतं आपसात मिटलं म्हणून मागे घेता येत नाही, हायकोर्टातून संमतीने क्वॅश, म्हणजे रद्द, करून घ्यावं लागतं. तिकडे अमेरिकेत वॉरंट निघालं असेल तर ते बाबाच्या हातात नसतं, सरकारी वकिलाच्या हातात असतं. मेडिएटरने "वॉरंट जाईल" असं कधीच कबूल करू नये, तिकडच्या वकिलाने आधी प्रॉसिक्यूटरशी बोलून लेखी काय मिळतंय ते आणावं. यावर विश्वास बसला नाही तर आई विमानात बसणार नाही, आणि तिला त्यात चूक म्हणता येणार नाही.

मारहाण झालेली असेल तर मेडिएशनच्या आधी दोघांशी वेगवेगळं बोलून तपासणी करायची, आणि भीती खरी असेल तर एका खोलीत बसवायचं नाही, वेगळ्या खोल्या ठेवा नाहीतर मेडिएशनच नको. "घरातलं घरात मिटवा" म्हणून कुणी दबाव टाकत असेल तर मेडिएटरने तिथेच थांबवावं. मुलाला मात्र टेबलावर आणू नका, "आई हवी की बाबा" हे तर कुणीच विचारायचं नाही. चाइल्ड सायकॉलॉजिस्टने वेगळं भेटावं आणि मूल कशाने घाबरतंय, कुणाची आठवण काढतंय एवढं आईबाबांपर्यंत पोचवावं.

पहिल्या बैठकीत कस्टडीला हात लावू नका. आधी कॉल चालू करा, सुप्रीम कोर्टाने २०२० च्या निकालात रोज ५ ते १० मिनिटं व्हिडिओ कॉलचा हक्क सांगितलाय, तिथूनच सुरुवात करा. मूल फोनवर हसलं की दोघांचाही आवाज खाली येतो, मग सलग दोन-तीन दिवस बसून मोठे मुद्दे घ्या: राहणार कुठे, सुट्ट्या कुणाकडे, तिकिटाचे पैसे कोण देणार, पासपोर्ट कुणाकडे, आई परत गेली तर कुठल्या व्हिसावर. घटस्फोट झाला की एच-४ संपतो, हे न बघता लिहिलेला करार कागदावरच राहतो.

सही झाली म्हणून पेढे वाटू नका. नोटरी केलेला कागद दुसऱ्या देशात काहीच करू शकत नाही. इकडे कन्सेंट टर्म्स (दोघांनी मान्य केलेल्या अटी) फाइल करून ऑर्डर घ्या, आणि तिकडच्या कोर्टातून शब्दशः तशीच मिरर ऑर्डर घ्या. तिकडचं कोर्ट म्हणजे अमेरिकेत साधारणपणे मूल केस सुरू होण्याआधी सलग सहा महिने जिथे राहिलं त्या राज्याचं कोर्ट. दोन्ही ऑर्डर हातात आल्याशिवाय तिकीट काढायचं नाही. आणि मूल अमेरिकन पासपोर्टवर आलेलं असून व्हिसा संपला असेल तर एफआरआरओकडून (परदेशी नागरिकांच्या नोंदणीचं सरकारी ऑफिस) एक्झिट परमिट, म्हणजे देश सोडण्याची परवानगी, लागतं, तो अर्ज वकिलाला त्याच आठवड्यात टाकायला सांगा, नाहीतर सगळं ठरूनसुद्धा मूल एअरपोर्टवर अडकतं.