विदर्भातल्या उन्हाळ्यात पग जातीचा कुत्रा सांभाळायचा तर

आमच्या यवतमाळकडच्या खेड्यात मे महिन्यात पारा ४५ च्या घरात जातो, आणि चपट्या नाकामुळे पगला धापा टाकूनही अंग नीट थंड करता येत नाही. म्हणून ऊन चढायच्या आत त्याला वावराच्या धुऱ्यापर्यंत फिरवून आणा. गळपट्टा नको, छातीचा पट्टा घ्या. दुपारी कूलरसमोर निजू द्या. खिडकी मात्र उघडी ठेवा, नाहीतर खोलीत नुसता दमटपणा साचतो.

घोरणं नेहमीचंच. पण जीभ जांभळट दिसली, लाळ घट्ट झाली, चालताना तोल जाऊ लागला, तर ऊन लागलं समजा. लगेच अंगावर साधं पाणी ओता, पंखा लावा, जनावरांचा डॉक्टर गाठा. लू लागू नये म्हणून आपण खिशात कांदा ठेवतो, पण तो कुत्र्याच्या पोटात गेला तर विषच.

नाकावरच्या घडीत रोज ओलं फडकं फिरवा, मग कोरडं. ओल राहिली की आंबूस वास येतो, कातडी लाल होते.

वजन ६ ते ८ किलोत ठेवा. आमची आई लपून तुपाची पोळी चारते. तिला कोण सांगणार! आणि पगचे डोळे बटबटीत असतात, म्हणून त्याला तुरीच्या खुंटांतून नेऊ नका.