आजीच्या डोळ्यावर हेडसेट आणि आपल्याला काहीच दिसत नाही? क्वेस्टमधलं टीव्हीवर दाखवायची पद्धत

दिवाळीत मावसभाऊ अमेरिकेहून आला तो क्वेस्ट ३ घेऊनच, म्हणजे मेटा कंपनीचा डोळ्यावर घालायचा व्हीआर हेडसेट. पोरांचं खेळून झालं आणि मग सगळ्यांचं एकच, आजीला घाला, आजीला घाला. घातला. आजी म्हणाली, "समोर काहीतरी इंग्रजीत लिहिलंय रे." काय लिहिलंय? "चष्मा काढून ठेवलाय ना तुम्ही माझा, मला काय दिसणार!" आता तिच्यासमोर नेमकी कुठली पाटी आलीये हे आम्हाला कोणालाच दिसेना, सहा जण सहा सूचना देतायत, वरचं बटण दाब, नाही खालचं, आणि आजी हवेत हात फिरवत बसलीये. पाच मिनिटांत वैतागून तिने काढूनच टाकला.

दुसऱ्या दिवशी आधी टीव्ही जोडला आणि मग आजीला बसवली, पंधरा मिनिटं मजेत समुद्राखाली फिरून आली. (चष्माही राहू दिला यावेळी, क्वेस्ट ३ मध्ये चष्म्यासाठी जागा वाढवता येते, उगाच काढायला लावला होता.) म्हणून सांगतो, कास्टिंग (हेडसेटमधलं चित्र दुसऱ्या पडद्यावर दाखवणं) हे बघ्यांची करमणूक म्हणून नंतर कधीतरी करायचं काम नाहीये, नवीन माणसाला हेडसेट घालायच्या आधी करायचं काम आहे. तिला जे दिसतंय ते तुम्हाला दिसलं तरच तुम्ही मदत करू शकता.

मी क्वेस्टबद्दलच सांगतोय कारण माझ्या हाताखालून तोच गेलाय, क्वेस्ट २, ३, ३एस तिन्हीला पद्धत जवळपास सारखी. अपडेट आला की मेनू इकडचे तिकडे होतात, त्यामुळे बटण जागेवर नसेल तर घाबरू नका, आसपास शोधा.

पहिल्यांदा वायफाय. निम्म्या तक्रारी इथल्याच असतात. हेडसेट आणि ज्यावर दाखवायचंय तो फोन किंवा लॅपटॉप, दोन्ही एकाच नेटवर्कवर पाहिजेत. आपल्याकडे फायबरवाला राउटर लावून जातो त्यात बऱ्याचदा दोन नावं दिसतात, एक साधं आणि एकाच्या शेवटी ५जी असं काहीतरी (ते मोबाइलचं फाइव्ह जी नव्हे, ५ गिगाहर्ट्झ), तर दोन्ही उपकरणं त्या दुसऱ्यावर घ्या आणि राउटर असेल त्याच खोलीत बसा. २.४ वर चालतं, नाही असं नाही, पण शेजारच्या चार फ्लॅटचे राउटर, ब्लूटूथ, मायक्रोवेव्ह सगळे त्याच गर्दीत, चित्र अडकत अडकत येतं. लॅपटॉप वायरने राउटरला जोडता आला तर अजून छान. फोनवर किंवा लॅपटॉपवर व्हीपीएन चालू असेल तर बंद करा, ऑफिसच्या लॅपटॉपवर हमखास असतो आणि लक्षातच येत नाही. आणि गेस्ट नेटवर्क वापरू नका, त्यात बऱ्याच राउटरवर एक उपकरण दुसऱ्याला दिसतच नाही, दोघांनाही नेट मिळतं पण एकमेकांचा पत्ता नसतो.

आता सगळ्यात सोपी पद्धत, फोन. मेटा होरायझन नावाचं ॲप आहे, हेडसेट सुरू करताना तुम्ही टाकलेलंच असतं. हेडसेटवर जे अकाउंट तेच ॲपमध्ये पाहिजे. ब्लूटूथ चालू ठेवा, लोकेशनची वगैरे परवानगी मागेल ती द्या, मग ॲपमध्ये कास्टचं चिन्ह दाबा, हेडसेट निवडा, झालं. पहिल्या वेळी हेडसेटच्या आतही परवानगीची पाटी येऊ शकते, म्हणून पहिलं कास्ट स्वतः घालून करून बघा, आजीला त्या पाटीत अडकवू नका. हेडसेटच्या आतून करायचं असेल तर उजव्या हातातल्या कंट्रोलरवरचं मेटाचं बटण दाबा, मेनू येईल, त्यात कॅमेरा, त्यात कास्ट, आणि यादीतून फोन निवडा. कास्ट चालू असलं की घालणाऱ्याला कोपऱ्यात लाल ठिपका दिसतो. तो ठिपका दिसतोय का हा एक प्रश्न विचारला की कळतं गडबड हेडसेटकडे आहे का आपल्या पडद्याकडे.

पण फोनच्या एवढ्याशा पडद्यावर सहा जण काय बघणार. मग लोक म्हणतात थेट टीव्हीवर टाकू. क्रोमकास्टची (वायफायवरून टीव्हीवर चित्र पाठवायचं गूगलचं उपकरण) वेगळी डबी असेल तर यादीत टीव्हीचं नाव येतं, निवडायचं, संपलं. टीव्हीच्या आतच क्रोमकास्ट असेल तर मात्र येईलच याची खात्री नाही. आमचा टीव्ही यादीत यायचा, निवडला की गोल गोल फिरत बसायचा आणि शेवटी सॉरी म्हणायचा. दोन संध्याकाळी घालवल्या मी त्याच्यावर, राउटर रीस्टार्ट, टीव्ही रीस्टार्ट, सगळे नवससायास झाले. तुम्ही नका घालवू. दहा मिनिटांत जमलं तर ठीक, नाहीतर सरळ खालचं करा.

लॅपटॉप आणि एचडीएमआय वायर. लॅपटॉपवर क्रोम किंवा एज उघडा, पत्त्यात मेटा डॉट कॉम स्लॅश कास्टिंग टाका, हेडसेटच्याच अकाउंटने लॉगिन करा आणि ते पान उघडंच ठेवा. मग हेडसेट घालून कॅमेरा, कास्ट, आणि यादीतून कॉम्प्युटर निवडा, काही सेकंदात ब्राउझरमध्ये चित्र येतं. फुल स्क्रीन करा, वायर टीव्हीत घाला, टीव्हीच्या रिमोटवरून सोर्स किंवा इनपुट बदलून योग्य एचडीएमआय निवडा. हेडसेट ते लॅपटॉप एवढाच भाग वायफायवर, पुढचं सगळं वायरने, म्हणून टीव्हीच्या नखऱ्यांशी संबंधच येत नाही. मी आता कुठेही गेलो की बॅगेत दोन मीटरची एचडीएमआय टाकतो, प्रोजेक्टरलाही तीच चालते. आवाज लॅपटॉपमधूनच येत राहिला तर साउंड सेटिंगमध्ये जाऊन आउटपुट टीव्ही करा.

आवाजावरून आठवलं, कास्टमध्ये आवाज हेडसेटमधूनही येतो आणि टीव्हीतूनही येतो, आणि टीव्हीतला थोडा मागून येतो. घालणाऱ्याला दोन्ही ऐकू आले की डोकं उठतं, तेव्हा टीव्हीचा आवाज बारीक ठेवा. चित्रही मागूनच येतं, नेटवर्क बरं असेल तर थोडंसं, वाईट असेल तर दोन सेकंदही. म्हणजे "आता मार!" असं टीव्ही बघून ओरडून काही उपयोग नाही, गेममधला मारायचा ठोकळा केव्हाच निघून गेलेला असतो. सूचना द्यायची तर थांबलेल्या गोष्टींची द्या, डावीकडे निळं बटण आहे, त्याच्यावर कंट्रोलरमधून निघणारा किरण ने आणि बोटाखालचं ट्रिगर दाब, अशी.

कॉलेजात किंवा सोसायटीच्या हॉलमध्ये दाखवायचंय तर तिथल्या वायफायच्या नादाला लागू नका. आधी पानभर लॉगिन येतं आणि ते करूनही उपकरणं एकमेकांना दिसत नाहीत. एका फोनचा हॉटस्पॉट लावा, ५ गिगाहर्ट्झचा पर्याय असेल तर तो निवडा, हेडसेट आणि लॅपटॉप दोन्ही त्याच्यावर घ्या. आणि हे घरीच करून बघून जा.

वायफायवर अजिबातच भरवसा नसेल तर वायरचा रस्ता पण आहे, स्क्रीनकॉपी नावाचं फुकट टूल, त्याचं स्पेलिंग एस सी आर सी पी वाय एवढंच, मधली अक्षरं गाळलेली. त्याला हेडसेटवर डेव्हलपर मोड चालू करावा लागतो, मग यूएसबी लावल्यावर हेडसेटच्या आत परवानगीची पाटी येते ती मान्य करायची. सुरुवातीला दोन डोळ्यांची दोन चित्रं शेजारी शेजारी दिसतात, क्रॉपचा पर्याय देऊन एकच ठेवता येतं. प्रदर्शनाचा स्टॉल असेल तर एवढी खटपट करा, घरच्यासाठी गरज नाही.

हेडसेट पीसीला लिंकने (मेटाची पीसीवरचे गेम हेडसेटमध्ये खेळायची सोय) जोडून गेम खेळत असाल तर कास्ट करूच नका, पीसीच्या मॉनिटरवर बहुतेक गेमची खिडकी आपोआप असते, आणि स्टीमव्हीआर या पीसीवरच्या व्हीआर सॉफ्टवेअरच्या मेनूत व्हीआर व्ह्यू दाखवायचा पर्याय आहे. प्लेस्टेशनवाल्यांना तर काहीच करायचं नाही, त्यांचा हेडसेट पीएसव्हीआर २ घातला की आतलं टीव्हीवर दिसतंच. जळतो आपण त्यांच्यावर.

आता नेहमी विचारतात ते. "सगळं दिसतं पण सिनेमा लावला की काळं": ते बिघडलेलं नाही, पैसे भरून बघायच्या ॲपमधला व्हिडिओ कॉपी होऊ नये म्हणून कास्टमध्ये काळाच येतो, त्याला इलाज नाही. "एकाने काढून दुसऱ्याला दिला की कास्ट थांबतं": दोन भिंगांच्या मध्ये, कपाळाकडच्या बाजूला एक छोटा सेन्सर असतो, हेडसेट डोळ्यावरून निघाला की तो पडदा झोपवतो. पटकन दुसऱ्याला घाला, बहुतेक वेळा परत चालू होतं, नाहीतर पुन्हा कास्ट करा. काही लोक सेन्सरवर चिकटपट्टी लावतात, स्टॉलवर मीही लावलीये, पण मग आठवणीने काढा, नाहीतर टेबलावर पडल्या पडल्या बॅटरी संपते. तसाही कास्ट चालू असताना चार्ज लवकर उतरतो, दोन तास धरून चालू नका, पॉवर बँक जवळ ठेवा. आणि हेडसेट खिडकीत उन्हात ठेवू नका, भिंगातून ऊन आत गेलं की आतला पडदा कायमचा भाजतो.

बघणाऱ्यांनाही चक्कर येते बरं का. घालणारा मान गरागरा फिरवतो तेव्हा त्याला काही होत नाही, सोफ्यावरच्या काकूंना मळमळतं. कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये चित्र स्थिर करायचा पर्याय आहे तो चालू करा, तिथेच चित्राचा आकार आडवा करता येतो, नाहीतर टीव्हीवर मधोमध चौकोन आणि दोन्हीकडे काळ्या पट्ट्या.

पासवर्ड टाकायचे, मेसेज बघायचे ते कास्ट सुरू करायच्या आधीच उरकून घ्या. आमच्याकडे भावाने कास्ट चालू असतानाच ब्राउझर उघडला आणि त्याने आधी काय काय शोधलं होतं ते त्रेचाळीस इंचावर आलं, सासरे समोर बसलेले.

आणि पंखा. खेळायच्या जागेची बाउंड्री जमिनीवर आखता तुम्ही, डोक्यावरचा पंखा हेडसेटला कळत नाही. आमच्या खोलीचं छत जरा खाली आहे, म्हणून आता एक जण टीव्हीकडे न बघता पंख्याच्या बटणापाशी उभा असतो, बहुतेक वेळा मीच.